तात्याबाच्या चौदा पुतळ्या

मी काट्यावरचा माणूस. बारामतीत रतनशेठच्या सराफी दुकानात एकतीस वर्षं लोकांचं सोनं तोललं. माझ्या घरात त्यातलं गुंजभरही आलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एका माणसाचं. नाव तात्याबा, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर. गावात त्याला अजूनही 'येडा आटणीवाला' म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण त्या येडेपणाला माझा हात लागलेला आहे.

आटणी म्हणजे जुने डाग, दागिने वितळवणं. गिऱ्हाइकानं अशा डागांची मोड आणली की मी ती तोलायची आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत तात्याबाकडे द्यायची. तो ती मुशीत घालणार, वर चिमूटभर टाकणखार टाकणार, भट्टीला वारा देणार आणि थोड्या वेळानं एक पिवळी लगड माझ्यापुढे आणून ठेवणार. कुणाच्या आजीची वज्रटीक असो की कुणाच्या सासूच्या पाटल्या, लगड सगळ्यांची सारखीच दिसते. हे काम त्यानं सदुसष्ट सालापासून केलं.

घराणं धनगराचं. बापाची दीडशे मेंढरं होती. मग ऊस वाढत गेला, चरायची रानं बांधाबांधानं संपली, मेंढरं विकली गेली. दोघे भाऊ शेतीत राहिले आणि हा विशीतला गडी आमच्या भट्टीचा भाता ओढायला आला. आटणीला जातीचा सोनारच लागतो, असं शेठच्या वडिलांचं मत होतं. पण ह्याच्या हातून मुशीत कधी रवाभर घट आली नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं मत गिळलं आणि ह्याला ठेवून घेतलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवपासून मोडीचा नुसता पूर आला. टीव्हीतल्या बायकांच्या गळ्यात असतात तसले हार सगळ्यांना पाहिजे झाले. कारखान्याचं उसाचं बिल निघालं की सणसर, कळस, कुठून कुठून जोडपी यायची आणि रुमालातून जुने डाग सोडायची. तेजाबाच्या वाफेनं तात्याबाचे डोळे कायमचे लाल झाले होते, खोकला तर घरचाच झाला होता. सकाळच्या एस.टी.नं यायचा, सदरा खुंटीला लावायचा आणि म्हणायचा, "कटाळा आला रं रामहरी." संध्याकाळी म्हटला असता तर समजण्यासारखं होतं. हा सकाळी म्हणायचा.

आता पुतळीचं सांगायला हवं. पुतळी म्हणजे पातळ सोन्याचं नाणं, बायका माळेत ओवतात ते. एका बाजूला एक उभा माणूस, त्याच्यापुढे दुसरा वाकलेला, दोघांच्या मधे काठी. उलट्या बाजूला एक लंबगोल, त्यात एक आकृती आणि भोवती ठिपके. कडेनं अक्षरं असतात, पण ती कुणाला वाचता येत नाहीत. कुठल्या सरकारी टांकसाळीत ह्या पडलेल्या नाहीत. गावोगावच्या सराफांनी, सोनारांनी आपापला ठसा कोरून त्या पाडल्या, म्हणून एक दुसरीसारखी नसते. आम्हा दुकानवाल्यांना त्यात फक्त कस दिसायचा.

तात्याबाला वेगळंच दिसायचं. त्याच्या आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एकच पुतळी होती, ती पुढं त्याच्या बहिणीच्या लग्नात गेली. आईनं त्याला मांडीवर बसवून ती शिकवली होती, जशी आपल्याकडे पोरांना बाराखडी शिकवतात. एकदा भिंग आणि मोडीतली एक पुतळी माझ्या हातात देऊन त्यानं ती मला शिकवली.

"ह्यो हुबा त्यो बिरोबा. म्होरं वाकलाय त्यो आपला धनगर, काठी घिऊन. आता उलटी कर. ही गोल दिसतीया ती वाघर."

वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरं कोंडायची जाळी.

"वाघरीच्या मधी देव हुबा हाय. अन् हे ठिपकं मंजी मेंढरं. मोज."

मी हसलो. मग मोजली, एकोणीस भरली. त्या दिवसापासून मला पुतळीत दुसरं काही दिसेनासं झालं, हे मी कबूल करतो.

ही एकोणीस मेंढरांची पुतळी ऐंशी साली आली. कळसच्या एका बाईनं अकरा पुतळ्यांची माळ मोडीला टाकली होती. दहा मुशीत गेल्या, अकराव्याला तात्याबाचा हात अडला. काट्याजवळ येऊन म्हणाला, "रामहरी, ही येक बाजूला ठिव. हिच्या वजनाचं सोनं उद्या आणून देतो." सोन्याला सोनं मिळतंय म्हटल्यावर शेठची काय हरकत? दुसऱ्या दिवशी त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत बोरमाळेचे मणी होते.

"कुणाचे?" मी विचारलं.

"बानूचं. ती व्हय म्हणली." बानूबाई म्हणजे त्याची बायको.

मी मणी फोडून लाख काढली आणि तोललं. एका पारड्यात बिरोबा आणि दुसऱ्यात बानूबाईच्या लग्नातली बोरमाळ. काटा सरळ उभा राहिला, मी मान हलवली. तेव्हाच 'तात्या, हे बरं नव्हे' असं एक वाक्य बोललो असतो तर माझं काय गेलं असतं?

मग ते चालूच राहिलं. वर्षाला एखादी, एखाद्या वर्षी एकही नाही. हावरट नव्हता तो, उलट फार चोखंदळ. काही पुतळ्या फार रेखीव यायच्या. त्यांवरची अक्षरं ठसठशीत, चेहऱ्याला नाकडोळे, अंगरख्याला चुण्या, ठिपक्यांच्या जागी टोकदार चांदण्या. त्या तो एकदाही मागायचा नाही. "ह्या परक्या," म्हणायचा, "कंपनीनं पाडलेल्या. चांदण्यांची मेंढरं हुत्यात व्हय कुठं?" आणि सरळ मुशीत टाकायचा. ज्यांच्यावरची अक्षरं झिजून नुसत्या रेघोट्या झाल्या आहेत, ठिपके गोल आहेत आणि धनगराची पाठ नीट वाकलेली आहे, तीच त्याच्या लेखी खरी. तिची कडीसुद्धा तो सांभाळून काढून टाकायचा. माळेत ओवायला वर कडी लावलेली असते, ती नेमकी उभ्या माणसाच्या डोक्यावर बसते. देवाच्या डोक्यात कडी त्याला खपत नव्हती.

बानूबाईला त्यानं शब्द दिला होता. एकवीस झाल्या की कोंदणात बसवून माळ करीन, अशी माळ तालुक्यात कुणाच्या गळ्यात नसेल. एकवीसच का, ते त्यालाच माहीत. बानूबाईनं पहिल्यांदा हौसेनं दिलं. बोरमाळेचा दोरा वर्षावर्षाला उघडा पडत गेला. बोरमाळ संपल्यावर ठुशी आली, ठुशीनंतर कानातले झुबे आले. सगळं माझ्याच काट्यावर आलं. शेवटी तिच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या तेवढ्या राहिल्या. सौभाग्याचं म्हणून, नाहीतर त्याही आल्या असत्या.

गावात बायका बोलल्याशिवाय राहतात का? कुणी विचारलं की ती सांगायची, "सोनाराकडं करायला टाकलंय." हे तिनं इतकी वर्षं सांगितलं, की अंथुर्ण्यात कुणाचंही काम रखडलं की लोक म्हणायचे, 'बानूबाईचा डाग झालाय.' तात्याबाच्या कानावर आलं तर तोही हसायचा. मीही हसलो आहे.

पंच्याण्णव साली त्यांच्या मुलाचं, सूरजचं लग्न झालं. नवरदेवाची आई मोकळ्या गळ्यानं कशी मिरवणार? बानूबाईनं जावेकडून, सिंधुबाईकडून, तिची ठुशी मागून आणली. अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या आणि सिंधुबाई मांडवातच तिच्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, गर्दी लई हाय, काढून द्या बरं." बानूबाईनं चार बायकांच्या देखत मानेमागचा फासा सोडला. मी पंगतीत बसलो होतो. पानावरची बुंदी मी बाजूला सारली. तात्याबा वाढप्यांच्या मागं उभा होता, त्यानं पाहिलं आणि तो पाण्याच्या टाकीकडं निघून गेला. तोपर्यंत त्याच्याकडे तेरा पुतळ्या झाल्या होत्या. तेव्हाच तेरांची माळ केली असती तर? पण त्याला एकवीस पाहिजे होत्या.

चौदावी शहाण्णवात आली. त्यानंतर तशा पुतळ्या येणंच थांबलं. तालुक्यातल्या सगळ्या माळा मोडून झाल्या असाव्यात आणि त्या त्यानंच आटवलेल्या.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला काट्याची वजनं तपासून आणायला मी पुण्याला गेलो होतो. तिथं जुन्या नाण्यांचं प्रदर्शन लागलेलं पाहिलं आणि आत शिरलो. विजयसिंह नावाचे एक गृहस्थ लोकांना नाणी समजावून सांगत होते. मी त्यांना तात्याबाचं सांगितलं. धनगर माणूस, अंगठेबहाद्दर, सतरा वर्षं पुतळ्या जमवतोय, म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. "मी येतो," ते म्हणाले. मला वाटलं, ह्या माणसाची पाठ एकदा तरी कुणी जाणत्यानं थोपटावी. बानूबाईनंही ऐकावं की आपलं सोनं वाया गेलं नाही. चांगल्याच हेतूनं केलं, पण करायला नको होतं.

अमावस्येला भट्टी बंद असते, तो दिवस ठरवला. विजयसिंहांच्या गाडीतून आम्ही अंथुर्ण्याला गेलो. तात्याबानं धुतलेला सदरा घातला होता. अंगणात घोंगडं अंथरलेलं. बानूबाई चुलीवर चहा ठेवून उंबऱ्याशी बसली.

विजयसिंहांनी आधी स्वतःकडच्या नाण्यांचे फोटो दाखवले. त्यांना नाद अमेरिकेतल्या जुन्या नाण्यांचा. तिकडे दीडशे वर्षांपूर्वी डोंगरात सोनं सापडलं. सरकारी टांकसाळ हजारो मैल लांब, मग तिथल्या सराफांनी, पेढीवाल्यांनी आपापल्या घरीच सोन्याची नाणी पाडली. पुढे सरकारनं टांकसाळ काढली, खासगी नाण्यांवर बंदी आली आणि ती सगळी वितळवली गेली.

"त्यातून जी थोडी सुटली," विजयसिंह म्हणाले, "त्यातल्या एकेका नाण्यासाठी आज माणसं राहता बंगला विकतात. माझ्याकडे एकच आहे, छोटंसं. त्यासाठी मी वडिलांची जमीन दिली."

तात्याबाला एवढं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "आयला! मंजी तितंबी आटणीवाला व्हता!" तो म्हणाला आणि बानूबाईकडं वळून, "आईकलंस का गं? जमीन दिली त्यांनी!" ती पदराआड हसली.

मग त्यानं डबा आणला. प्रत्येक पुतळी मेंढीच्या लोकरीच्या पुंजक्यात गुंडाळलेली. एकेक सोडून त्यानं चौदा पुतळ्या घोंगड्यावर मांडल्या. विजयसिंहांनी भिंग लावलं. पहिली पाहिली, दुसरी पाहिली. पाचवीनंतर ते भरभर पाहू लागले, तेव्हाच मी ओळखलं. काट्यावर बसून मी गिऱ्हाइकांचे चेहरे वाचायला शिकलो आहे.

"आजोबा, ह्या सगळ्या नकला आहेत," ते म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, टोचून नाही बोलले. "सोनं खरं आहे. पण मूळ नाणं परदेशातलं, व्हेनिस नावाच्या शहराचं. ते व्यापारातून इकडे आलं आणि लोकांना आवडलं. म्हणून आपल्याकडच्या सोनारांनी बघून बघून तसं पाडलं. वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या रेघोट्या झाल्या. हा उभा आहे तो त्यांचा संत, आणि गुडघे टेकून बसलाय तो त्यांचा राजा."

"धनगर न्हाय?"

"नाही हो."

"अन् ही वाघर?"

"त्यांचा देव आहे तो, येशू. भोवती चांदण्या आहेत."

चांदण्या म्हटल्यावर तात्याबाचा चेहरा पडला. तो सावकाश म्हणाला, "चांदण्यावाल्या बी येत व्हत्या. अक्षरं ठसठशीत असलेल्या."

विजयसिंह पुढे सरकले. "त्याच खऱ्या. आहेत तुमच्याकडे?"

"न्हाईत."

"किती पाहिल्यात?"

"साठ-सत्तर असत्याल."

"कुठे गेल्या?"

"म्याच आटवल्या," तात्याबा म्हणाला.

विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले. कुणाच्या मयतीची बातमी ऐकावी तसे बसले. तात्याबानंच विचारलं, "सायेब, तुमच्या त्या अमेरिकेतल्या बी सोनारानंच पाडल्या न्हवं? सरकारनं न्हाय. मग त्या खऱ्या अन् ह्या खोट्या, त्ये कसं काय?"

असा प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता. विजयसिंहांनी भिंग खाली ठेवलं.

"त्यांनी नाण्यावर स्वतःचं नाव घातलं होतं, आजोबा," ते म्हणाले. "ह्यांनी दुसऱ्याचं घातलं."

"वाचायलाच येत न्हवतं, तर नाव कुठलं घालणार?" तात्याबा पुटपुटला. मग त्यानं एकेक पुतळी परत लोकरीत गुंडाळली. चहा आला, तो कुणी नीट प्यायला नाही. बानूबाई आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. गाडीत विजयसिंह मला म्हणाले, "तुम्ही आधी थोडी कल्पना द्यायला हवी होती." मी त्यांना काय सांगणार? मलाही त्यात मेंढरंच दिसत होती.

चार दिवस तात्याबा कामावर आला नाही. पाचव्या दिवशी आला तो डबा घेऊनच. 'कटाळा आला' म्हणाला नाही. शेठकडून त्यानं थोडी सोन्याची तार मागितली, शेठनं वजन न विचारता दिली. दुपारभर बसून त्यानं चौदा कड्या वळल्या आणि एकेक पुतळीवर झाळून बसवल्या, थेट उभ्या माणसाच्या डोक्यावर. कोंदण नाही, काही नाही. मी दारात उभा राहून पाहत होतो. पटवेकऱ्याकडून माळ ओवून आणली आणि मला म्हणाला, "चल माझ्यासंगं. येकट्याला जायाला नगं वाटतंय."

आम्ही पोचलो तेव्हा बानूबाई गोठ्यापुढं कडबा तोडत होती. तात्याबानं माळ पुढं केली.

"घे. तुझी माळ."

तिनं कोयता खाली ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि माळ घेतली. एक पुतळी उलटसुलट करून पाहिली.

"डोस्क्यातच कडी मारली व्हय देवाच्या?"

"कसला देव? परमुलकातला संत हाय त्यो."

ती पुतळीवरून अंगठा फिरवत राहिली. मला ते सहन होईना. म्हटलं, "वहिनी, घाला की. फार शोभेल."

तिनं माळ गळ्याशी धरली. क्षणभर मला वाटलं, आता फासा अडकवणार. पण हात मानेमागं गेलेच नाहीत.

"रामहरीभावजी, सूरजच्या लग्नात घालायची व्हती ही," ती म्हणाली. "आता कुठं जायाचं हाय मला घालून? मोकळ्या गळ्याची सवय झाली."

"मग आटवतो," तात्याबा घाईनं म्हणाला. "उद्याच आटवतो. तुला बोरमाळ करतो, व्हती अगदी तश्शीच."

त्यावर ती हसली. रागानं नाही, लहान पोरानं काहीतरी बोलावं आणि मोठ्यानं हसावं तशी.

"सोनं आटवाल वं तुमी. त्याची बोरमाळ बी कराल. माझी सतरा वर्सं आटली, ती कुठल्या मुशीतनं काढताल?"

तिनं माळ तात्याबाच्या हातावर ठेवली, भांडं घेतलं आणि ती शेळीची धार काढायला गेली. तो तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "बानू, चुकलं माझं." जन्मात पहिल्यांदा म्हणाला असावा. ती चार हातांवर तर बसली होती, तिला ऐकू गेलं असणारच. धारेचा आवाज एकदा थांबला आणि परत सुरू झाला.